चादरीमागची वायर

धाकटा : चादर अजून खाली हवी का?

दादा : हवी. कपाटाचे पाय दिसतायत अजून. मला काही म्हणजे काही दिसता कामा नये. नाहीतर नंतर तूच म्हणशील, दादानं डोकावून बघितलं.

धाकटा : ते मी म्हणणारच आहे, तू डोकावलास तरी आणि नाही डोकावलास तरी. खुर्ची जरा मागे घे.

दादा : खुर्ची हलायची नाही. दोन्ही स्पीकर आणि माझं डोकं, तिघांत सारखं अंतर आहे. सरकवून सरकवून शोधलीय ही जागा. तुझी वहिनी झाडू मारताना इकडची तिकडे करते, तर मला बसल्या बसल्या कळतं.

धाकटा : ही फळी हलते रे पायाखाली.

दादा : तिला हात लावू नकोस. अख्ख्या खोलीत ही एकच फळी अखंड आहे. कपाटाखालून निघते ती थेट माझ्या खुर्चीखाली येऊन संपते. बाकीच्या सगळ्या तुकड्यातुकड्यांच्या. चपला काढून बसलं की बास, म्हणजे गाण्यातला तो खालचा जाड आवाज, तळपायातून वर चढतो.

धाकटा : लिफ्टमधे असं तळपायाला काही लागलं की आम्ही लिफ्ट बंद करून पाटी लावतो.

दादा : तुझ्या लिफ्टचं मला सांगू नकोस. ही बघ. नुसती बघू नकोस, हातात घे.

धाकटा : ही वायर आहे? हिनं बैल बांधता येईल.

दादा : भिंतीतून अँप्लिफायरला वीज नेते ती. लाकडी पेटीतून आलीय. आत मखमल, आणि बनवणाऱ्याची सही केलेलं कार्ड.

धाकटा : आणि हे बाण कसले?

दादा : करंट त्या दिशेनं गेला पाहिजे. उलटी लावली तर आवाज आखडतो.

धाकटा : दादा, भिंतीतला करंट पुढे जातो, मागे येतो, पुढे जातो, मागे येतो. दिवसभर त्याचं तेच चाललेलं असतं. त्याला बाण दाखवून तो ऐकणार आहे का?

दादा : तू यंत्रं हलवतोस. मी आवाज ऐकतो. हा फरक आहे.

धाकटा : बरं. वीज तयार होते तिकडे धरणावर. तिथून डोंगर, शेतं, नदी ओलांडून खांबांवरच्या तारांतून येते. मग तुमच्या गल्लीतला तो गंजका डबा. मग जिन्याखालचं मीटर. मग भिंतीतली तार, जी मी स्वतः ओढलीय आणि जी बाजारात मिळते ती सर्वांत साधी तार आहे. आणि एवढं सगळं झाल्यावर शेवटची हातभर वायर बदलली की गाणं सुधारतं?

दादा : नदीचं पाणीही कुठून कुठून येतं. गाळणी तरी शेवटी नळालाच लावतात ना?

धाकटा : गाळणीत नंतर गाळ दिसतो. तुझ्या या वायरमधे काय साठलेलं दिसतं ते दाखव, मी आत्ता पाय धरतो तुझे.

दादा : पाय नंतर धर. आधी चादर नीट बांध. आणि हो, हे संपलं की ते कपड्यांचं मशीन बघून जा. धुऊन झालं की शिटी वाजवायचं, ती गेलीय. खूप दिवस झाले. तुझ्या वहिनीला दर वेळी उठून बघायला जावं लागतं.

धाकटा : बघतो. आत बारीकसा बझर असतो, त्याची तार सुटली असेल. पण दादा, खरं सांग. हे सगळं मला का करायला लावतोयस? वायर तू घेतलीस, तुला आवडली, ठेव की. मी काय ती काढून घेऊन जाणार आहे?

दादा : वायरसाठी नाही हे.

धाकटा : मग?

दादा : तुला माहीत आहे कशासाठी. आमच्या स्टुडिओच्या बाईंनी तुला सांगितलं असणार. रोज त्यांच्या बिल्डिंगच्या लिफ्टपाशी उभा असतोस.

धाकटा : एवढंच म्हणाल्या की दादाला जरा समजवा.

दादा : काय समजवा?

धाकटा : की कान एकदा तपासून ये म्हणावं.

दादा : बघ. इतकी वर्षं त्या स्टुडिओत काढली. या बाई स्वतः शाळेत जात होत्या तेव्हा त्यांच्या वडिलांनी मला त्या खुर्चीत बसवलं. तिथे बसून मी लोकांचे आवाज चाळले, निवडले, पुसले. आणि आज मला म्हणतात, पुढचं काम सोमवारी सुरू होतंय, त्याआधी कानाच्या डॉक्टरांचा कागद आणा. नाहीतर काम दुसऱ्याला देते.

धाकटा : त्या लहान मुलांच्या गाण्यांवरनं झालं ना हे?

दादा : लोकांनी तक्रार केली. म्हणे गाणी कान किटवतात. एका बाईंनी कळवलं की बाळ गाणं लावलं की रडतं. मी घरी आणून ऐकली. अगदी व्यवस्थित आहेत. उलट थोडी दबलेलीच वाटतात. तेव्हा माझ्या लक्षात आलं की दोष करंटचा आहे. स्टुडिओ नव्या जागेत गेल्यापासूनच सगळं मिळमिळीत वाजायला लागलंय. इथे घरीसुद्धा तेच, कारण या भागात सगळीकडे बांधकामं चालू आहेत, वेल्डिंगची यंत्रं लावलीयत, वीज गढूळ झालीय. म्हणून ही वायर आणली. आणि फरक पडला.

धाकटा : पडला?

दादा : पडला. त्याचीच परीक्षा. ही वायर लावली की काढली, हे ज्याला पडद्याआडून कळतं, त्याचे कान डॉक्टरांकडे न्यायची गरज नाही. आणि ते बाईंना तू सांगायचंस. माझं त्या ऐकणार नाहीत. तू या वायरला हसणारा माणूस आहेस, म्हणून तुझं ऐकतील.

धाकटा : आणि नाही ओळखलीस तर?

दादा : तर उद्या तू नेशील तिथे येतो. मुकाट्यानं.

धाकटा : दादा, कान तपासणं म्हणजे काही ऑपरेशन नाही. काचेच्या खोलीत बसवतात, बारीक बारीक आवाज ऐकवतात, झालं.

दादा : माहीत आहे. आणि एक मुलगी बाहेरून विचारते, काका, आलं का ऐकू? अरे, हा प्रश्न मी विचारायचा असतो. काचेच्या त्या बाजूला मी बसायचा माणूस. आणि एकदा या धंद्यात कळलं की याला कान तपासायला पाठवलं होतं, तर कागदावर काहीही आलं तरी मी संपलो. मग मी या खुर्चीत बसून काय करू, ते सांग.

वहिनी : झालं का तुमचं बांधून? मी कपडे मशीनला लावून आले. भाऊजी, हे चिमटे धरा. लाल म्हणजे नवी वायर, पांढरा म्हणजे जुनी. मी आतल्या बाजूनं चादरीला लावत जाईन, काय लावलंय ते. तुम्ही बाहेरच्या बाजूनं लावा, हे काय सांगतात ते. शेवटी चादर उतरवली की दोन्ही रांगा समोरासमोर. भांडणाला जागा नको.

धाकटा : वहिनी, तुम्ही आमच्या ऑफिसात यायला हव्या होत्या.

वहिनी : इथलं ऑफिस आवरलं की येते. अहो, आणि तुम्ही खोकून खाकरून मला काही विचारायचं नाही. मी आतून एक शब्द बोलणार नाही.

दादा : तू न बोलता राहणार?

वहिनी : आजच्या दिवस राहीन.

दादा : आणि जुनी-नवी ओळीनं लावू नकोस. तुझ्या मनाला येईल तशी लाव. आणि अँप्लिफायर बंद करूनच वायर काढ. तू, खिडकीपाशी उभा राहा. ती आतून टिचकी मारेल, मग गाणं सुरू कर. तेच गाणं, तोच तुकडा. मी डोळे मिटतो.

धाकटा : चपला?

दादा : काढल्यात कधीच्या.

वहिनी : चला, मी गेले आत. काय गं बाई अंधार आहे इथे.

धाकटा : टिचकी आली. लावतो.

दादा : हं. हे जुनं. बंद कर.

धाकटा : एवढ्यात? अजून गाणाऱ्या बाईंनी तोंडही उघडलं नाही.

दादा : गरज नाही. पांढरा लाव.

धाकटा : लावला. परत टिचकी. घे.

दादा : हे नवं. ऐक जरा तूही. बास कसा खालून उचलतोय. खोली भरल्यासारखी होते.

धाकटा : मला सारखंच वाटतं.

दादा : तुला लिफ्टच्या मोटारीनं बहिरं केलंय. लाल लाव. पुढे.

धाकटा : पुढचं. लावलं.

दादा : नवं.

धाकटा : आणि हे?

दादा : जुनं. सपाट. भिंतीला चिकटवल्यासारखं.

धाकटा : हे?

दादा : नवं. हे तर गाणं लावायच्या आधीच कळलं मला.

धाकटा : आधी कसं कळेल?

दादा : कळतं. वायर जोडली की खोलीच्या हवेत काहीतरी बसतं. जड होतं जरा. तुला नाही समजायचं ते. चल, पुढे चल. मजा यायला लागलीय.

धाकटा : हं. घे.

दादा : जुनं.

धाकटा : आतून बराच वेळ लागतोय आता. वहिनी, ठीक आहात ना?

दादा : बोलू नकोस तिच्याशी. नियम म्हणजे नियम.

धाकटा : आली टिचकी.

दादा : नवं. अगदी स्वच्छ नवं.

धाकटा : आणि हे शेवटचं.

दादा : हेही नवं. बंद कर. उतरव चादर. नको, थांब, तिलाच तिच्या हातानं उतरवू दे.

वहिनी : उतरवते. जरा थांबा, एक चिमटा सुटलाय माझा, तो लावते. हं. घ्या.

धाकटा : पांढरा, पांढरा. लाल, लाल. लाल, लाल. पांढरा. लाल. पांढरा. लाल. लाल.

दादा : पुढे?

धाकटा : पुढे काही नाही. सगळे जुळले. दादा, सगळेच्या सगळे जुळले.

दादा : आता कुठे गेला तो धरणावरचा करंट?

धाकटा : मला काही कळत नाही. मी तर तुझी फजिती बघायला आलो होतो.

दादा : माहीत होतं मला. चल, चहा मी करतो आज. तुम्ही दोघं बसा. तोवर तू बाईंना काय सांगायचं ते मनात नीट जुळवून ठेव. आल्यावर माझ्यासमोर फोन लाव.

धाकटा : लावतो की. हरलो तर हरलो. वहिनी, तुम्ही तरी हसा जरा. कान शाबूत निघाले नवऱ्याचे.

वहिनी : गेले का ते आत?

धाकटा : गेला. गॅस पेटवलेला ऐकू आला. का?

वहिनी : भाऊजी, फोन लावू नका.

धाकटा : म्हणजे?

वहिनी : ती जाड वायर फार ताठ आहे. भिंतीतलं भोक खाली, कपाटाच्या मागे. जुनी वाकून एका हातानं लागते. जाड लावायची म्हणजे मला गुडघे टेकून, दोन्ही हातांनी रेटावी लागते. आधी लावली तशी. पण नंतर हात घामेजले, जाईचना आत. शेवटून दुसऱ्या वेळी मी गुडघे टेकून खूप खटपट केली, नाही जमलं, म्हणून बसल्या बसल्या जुनीच खोचली आणि टिचकी मारली. म्हटलं, पांढरा लावू. आणि हे म्हणाले नवी.

धाकटा : नवी म्हणाला. अगदी स्वच्छ नवी म्हणाला.

वहिनी : मला वाटलं, एखादी चूक होते माणसाची. मग शेवटच्या वेळी मी मुद्दाम केलं. जाड वायरला हातच लावला नाही. नुसते गुडघे टेकले, जुनी काढली, जुनीच परत लावली. तरी म्हणाले नवी.

धाकटा : मग चिमटे लाल कसे?

वहिनी : मी लावले लाल. चादर उतरवायच्या आधी. पांढरे काढले आणि लाल लावले.

धाकटा : वहिनी.

वहिनी : हो. केलं मी. तुम्ही बाहेर लाल लावलेत ते चादरीतून दिसत होतं मला. म्हटलं, एवढ्यासाठी कशाला. त्यांचा आवाज ऐकलात ना तुम्ही? मजा यायला लागलीय म्हणाले. कितीतरी दिवसांनी ऐकलं मी ते.

धाकटा : पण मग आधीचे सगळे बरोबर कसे आले?

वहिनी : तेच बसून विचार करत होते आत. तुम्ही उभे आहात ना, तिथेच राहा. ही फळी बघा. मी इथे गुडघे टेकते. खुर्चीवर हात ठेवा तुमचा.

धाकटा : हललं. हातालासुद्धा लागलं.

वहिनी : उभ्यानं वाकलं की नाही हलत. गुडघे टेकले की हादरा बसतो. तो त्यांच्या तळपायाला लागतो. त्यांना वाटतं बास आला.

धाकटा : म्हणून म्हणत होता, आधीच कळतं. दादाला माहीत असेल हे?

वहिनी : छे. लबाडी करायची असती तर एखादं चुकीचंही सांगितलं असतं. ते खरंच समजतायत की ऐकू आलं.

धाकटा : मग आता? सांगायचं की नाही?

वहिनी : मला विचारू नका. मी तर चिमटे बदलून बसले. आता तुम्ही बाईंना सांगणार, कान उत्तम आहेत. सोमवारी हे त्या खुर्चीत बसणार. आणि पुन्हा कुणाचं बाळ रडणार. मग काम जाईल ते कायमचं, आणि नावही जाईल. ते मला कळतं. पण आत्ता चहा करतायत ना ते, गुणगुणतायत बघा. मला भीती वाटते, भाऊजी. या माणसाला दुसरं काही येत नाही. सिनेमा नाही, पत्ते नाहीत, फिरायला नाही. आवाजच काय तो. तो गेला तर घरात नुसतं बसलेलं मला बघवायचं नाही.

धाकटा : कधीपासून वाटतंय तुम्हाला?

वहिनी : त्या मशीनपासून.

धाकटा : हां, मशीन. दादानं सांगितलं, त्याची शिटी गेलीय, बघून जा म्हणून.

वहिनी : काही गेलेली नाही. रोज वाजते.

धाकटा : रोज वाजते?

वहिनी : बारीक आहे ना ती, वरच्या सुरातली. एकदा हे म्हणाले, शिटी बंद पडली वाटतं. मी म्हटलं, असेल. तेव्हापासून शिटी वाजली की मी लगेच उठते आणि मोठ्यानं म्हणते, बघू बाई कपडे झाले का. त्यांना वाटतं मी अंदाजानं उठते.

धाकटा : एवढे दिवस?

वहिनी : सवय झालीय. घरात एवढं तेवढं करतोच ना आपण एकमेकांसाठी.

(आतून कपड्यांच्या मशीनची शिटी वाजते. मग पुन्हा, आणि पुन्हा.)

धाकटा : हीच ना?

वहिनी : हीच.

धाकटा : गुणगुणणं थांबलं नाही त्याचं.

वहिनी : नाही थांबायचं. येतायत. गप्प बसा.

दादा : घ्या. कप गरम आहेत, कडेनं धरा. काय रे, लावलास का फोन?

धाकटा : तू आल्यावर लावायचा होता ना.

दादा : हो, बरोबर. आणि ते मशीन आत्ताच बघून घे, विसरशील. मी अगदी शेजारी उभा होतो. धडधड करत थांबलं, पण शिटी काही वाजली नाही. काय झालं?

वहिनी : बसा आधी.

दादा : बसतो. पण काय झालं?

धाकटा : दादा, शिटी वाजली.

दादा : कसली?

धाकटा : मशीनची. आत्ता. आम्हाला इथे ऐकू आली.

दादा : शेजाऱ्यांची असेल. त्यांचंही मशीन आहे.

वहिनी : आपलीच होती. रोज वाजते, अहो. बिघडलेली नाही ती.

दादा : रोज?

वहिनी : रोज.

दादा : असं कसं होईल? मग वायर कशी ओळखली मी? एकही चुकली नाही माझी. चिमटे आहेत ना समोर. सांग रे, चुकली का एक तरी?

धाकटा : वहिनी, तुम्ही सांगता का?

वहिनी : शेवटच्या दोन चुकल्या. दोन्ही वेळा जुनीच होती. चिमटे मी बदलले.

दादा : तू बदललेस?

वहिनी : हो. आता रागवायचं तर रागवा.

दादा : थांब. रागाचं नंतर. पण आधीच्या तर बरोबर होत्या.

वहिनी : होत्या.

दादा : मग शेवटच्या दोन वेळा वेगळं काय झालं? हे समजलं पाहिजे मला. काहीतरी सारखं असणार, त्याशिवाय मी नवी म्हणालो नसतो. मला जाणवलं होतं. खोटं नाही ते. थांब, तू परत जा तिथे. गाणं नको. वायरही नको. आत जे जे केलंस ते तसंच कर. मी डोळे मिटतो.

वहिनी : कशाला आता?

दादा : कर गं.

वहिनी : बरं. वाकले.

दादा : बोलू नकोस. काही नाही. जुनी.

(वहिनी गुडघे टेकते.)

दादा : नवी.

वहिनी : माझ्या हातात काही नाही. गुडघे टेकलेत नुसते.

दादा : आता परत उठ. हं. आता पुन्हा टेक. नवी. ही फळी. अरे, ही फळी. अखंड आहे म्हणून मीच कौतुक करत होतो.

धाकटा : दादा, चहा घे. निवतोय.

दादा : म्हणजे इतके दिवस मी हिचे गुडघे ऐकत होतो.

वहिनी : दुखतातही जरा. पण ते ऐकू जात नाही.

दादा : ती गाणी. पोरांची. त्यात मागे एक बारीक बाजा होता, काचेसारखा आवाज. मला वाटलं फार मागे राहिलाय. मी चढवत गेलो. अजून थोडा, अजून थोडा. मला नीट येईपर्यंत चढवला.

धाकटा : तुला काय माहीत होतं.

दादा : मला नीट येईपर्यंत. म्हणजे त्या बाळाला केवढा आला असेल. त्या बाई खोटं सांगत नव्हत्या. मी त्यांना मनात काय काय बोललो. माझ्याच हातानं केलं मी ते, आणि शिव्या विजेला देत बसलो.

वहिनी : आता ते उगाळू नका.

दादा : उगाळत नाही. नोंद घेतोय. तू फोन काढ.

धाकटा : आत्ता?

दादा : माझ्यासमोर लाव, असंच ठरलं होतं ना.

धाकटा : काय सांगू बाईंना?

दादा : सांग की दादा परीक्षेत नापास झाला. नको, तसं नको. सांग की सोमवारचं काम त्यांनी दुसऱ्याकडे द्यावं, आणि मी उद्या कान तपासून कागद घेऊन येतो. कागदावर जे असेल ते. मग त्यांनी ठरवावं, मला कुठे बसवायचं. आवाज नाही तर दुसरं काही असेल त्या बिल्डिंगमधे. लिफ्टमधे उभा राहीन तुझ्या.

धाकटा : लिफ्टमधे तू नकोस. तळपायाला काही लागलं की तू बास म्हणशील, आणि लोक अडकतील.

दादा : हस. हसून घे.

वहिनी : उद्या मीही येणार आहे. ती मुलगी बाहेरून काका म्हणाली तर तुम्ही तिथेच भांडत बसाल.

दादा : नाही भांडत. आणि ही वायर परत कर रे तू जाताना. मखमलीत घालून दुकानात दे.

धाकटा : तुला आवडली होती.

दादा : आवडली होती. ते काय, हिनं गुडघे टेकलेले आवडले होते मला. परत कर.

धाकटा : बाईंचा फोन लागत नाहीये. गॅलरीत जाऊन बघतो.

दादा : जा. अगं, उठ आता तिथून. किती वेळ बसशील फळीवर?

वहिनी : उठते. कपडे काढायचेत मशीनमधले.

दादा : थांब जरा. ती शिटी. सुरुवातीला नवीन होतं मशीन तेव्हा मला येत होती ऐकू. आठवतेय थोडी थोडी, पण नीट लागत नाही. कशी वाजते गं ती?

वहिनी : मला कुठे गाता येतं?

दादा : येईल तशी म्हण. खालच्या सुरात म्हण.

वहिनी : टू, टू, टू, टूऽऽ. शेवटची लांबते जरा.

दादा : हां. तशीच होती ती.